न चाखणारी वच्छलाबाई

सोलापूरच्या एका मुलींच्या बोर्डिंगात वच्छलाबाई गुरव स्वयंपाकाला होती, तेव्हा तिच्याविरुद्ध एक तक्रार हटकून व्हायची. ही बाई आधी स्वतः जेवते. चाळीस मुली ताटं मांडून बसलेल्या, पोटात कावळे ओरडताहेत, आणि ही सगळ्यांच्या देखत प्रत्येक पातेल्यातलं घासभर वाढून घेते, नाकापाशी नेऊन त्याचा वास घेते, मग सावकाश चावून गिळते. गिळून झाल्यावर जरा थांबते आणि मग डाव उचलते. कमिटीतल्या एका बाईंनी तिला तोंडावर सुनावलं होतं, की आमच्या घरात असं केलं असतं तर सासूनं उलथणं फेकून मारलं असतं. वच्छलाबाई "व्हय बाई" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

गंमत अशी, की आयुष्याच्या पहिल्या अडतीस वर्षांत या बाईनं स्वतः रांधलेलं काहीही वाढण्याआधी जिभेला लावलं नव्हतं.

करमाळ्याकडच्या एका खेड्यात तिचं सासर. घर गुरवाचं, देवीच्या पूजेचा मान त्यांच्याकडे, आणि रोजचा नैवेद्य घरची बाई रांधायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं, सोजरबाईनं, तिच्या नाकातोंडावरून पदर घेऊन मागं गच्च गाठ मारली. देवीच्या आधी चव घ्यायची नाही आणि वासही घ्यायचा नाही. नुसता वास घेतला तरी नैवेद्य उष्टा. मग मीठ कळायचं कसं? तर हाताला कळायचं. भात झाला हे पातेल्याच्या आवाजावरून, डाळ मोडली हे डाव जड लागला की, आणि भाकरी झाली हे ती तव्यावर टम्म फुगली की. फुगलं, भरलं, ते चांगलं. बसलं ते बिघडलं. वीस वर्षांत मीठ कमीजास्त झाल्याची तक्रार गावानं केली नाही, आणि देवीनंही केली नाही.

मग नवरा तापानं गेला. पूजा दिराकडे गेली, नैवेद्य जावेकडे गेला, आणि दिरानं नऊ वर्षांच्या शकुंतलेसाठी स्थळ काढलं. नवरामुलगा चाळिशीचा, बिजवर, त्याची आधीची मुलगी शकुंतलेपेक्षा दोन वर्षांनी मोठी. वच्छलानं दिराला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एका बाजाराच्या दिवशी पोरीचा हात धरून ती गाडीत बसली आणि सोलापुरात उतरली.

तिथं एका कापडगिरणीच्या विणकाम खात्यावर एक गोरा साहेब होता. त्याच्या बंगल्याच्या फाटकावर मानसिंग पहारा करायचा. माळशिरसकडचा, पलटणीतून परत आलेला, वच्छलाच्या भावाच्या ओळखीचा. पहिल्या महायुद्धात इराककडे, बसऱ्याच्या लढाईत तीन वर्षं काढून आला होता, पण तिथलं तो काही सांगत नसे. कुणी विचारलंच तर "लई ऊन" एवढंच म्हणायचा. त्यानं वच्छलाला सांगितलं, की स्वयंपाकाची जागा मोकळी आहे, मागं एक खोली मिळेल, आणि पोरीला मुलींच्या शाळेत जाता येईल. वच्छलाला एवढंच पाहिजे होतं. ही जागा गेली तर परतीची वाट एकच, दिराच्या दारात, आणि दिराच्या दारात तो चाळिशीचा बाशिंग बांधून तयार. हे ती रोज सकाळी चूल पेटवताना स्वतःला बजावायची.

म्हणून पहिल्याच दिवशी ती खोटं बोलली. मेमसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत त्यांनी विचारलं, "चखा, बाई?" त्यांच्या घरची रीत अशी, की रांधणाऱ्यानं चाखल्याशिवाय टेबलावर काही जायचं नाही. वच्छला नाही म्हणाली असती तर जागा तिथंच संपली असती. ती म्हणाली, "व्हय. चाखलं." मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दोन वर्षं, दोन्ही वेळा. नाकातोंडावर पदर तसाच गाठ मारलेला असायचा. मेमसाहेबांना वाटायचं, बाई फारच स्वच्छतेची आहे.

मेमसाहेबांची प्रकृती नाजूक. एका उन्हाळ्यात ताप येऊन गेल्यावर डॉक्टरनं तळलेलं, मसाल्याचं सगळं बंद केलं. तेव्हा त्यांनी वच्छलाला एक पदार्थ शिकवला. घेवड्याचे पांढरे दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी मऊ उकडून गार करायचे. वेळेवर त्यात बारीक कांदा, लिंबू, थोडा शिरका, मिरपूड, बाटलीतलं आलिव्हचं तेल आणि डब्यातली मासळी. ट्यूना नावाची कुठल्या तरी समुद्रातली मोठी मासळी, शिजवून डब्यात कोंबून जहाजानं यायची. फोडणी नाही, जाळ नाही, पाव घटकेत तयार, आणि पोटाला हलकं. मेमसाहेब त्याला सलाड म्हणायच्या. वच्छला त्याला मासळीची कोशिंबीर म्हणायची आणि दोन चमच्यांनी कालवायची, कारण मासळीला हात लावला की तिला आंघोळ करावी लागायची.

मासळी कशी असते, चांगल्या मासळीचा वास कसा, वाईटचा कसा, हे तिला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तिच्या माहेरी सासरी कुणी खाल्ली नव्हती, आणि तिचं नाक तर बांधलेलं.

एकोणीसशे तेहतीसचा मे महिना. मेमसाहेब महाबळेश्वरला गेलेल्या. सोलापूरचं ऊन असं, की दुपारी कोठीच्या खोलीतल्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. त्याच खोलीत मासळीच्या डब्यांची पेटी होती. मुंबईहून आल्यावर स्टेशनावरून आणताना ती टांग्यातून एकदा पडली होती, त्यामुळं काही डब्यांना पोचे आलेले. साडेबाराला साहेब गिरणीतून आले ते दोन पाहुणे घेऊनच. नवीन मागांची बोलणी करायला मुंबईहून आलेले गोरे, दोनच्या गाडीनं परत जाणारे. साहेबांच्या पुढच्या बढतीचं या दोघांच्या हातात आहे, हे बटलरनं आल्या आल्या सांगितलं. आणि हेही सांगितलं, की सूप सकाळचं आहे ते चालेल, पण पुढचं वीस मिनिटांत पाहिजे.

घेवड्याचे दाणे उकडून तयार होते. वच्छला कोठीत गेली. पेटीत सहा डबे उरले होते. तिनं एकेक हातात घेऊन वरून अंगठ्यानं दाबून पाहिला, कणीक दाबून पाहतात तसा. चार डब्यांची झाकणं सपाट, आत दबणारी. दोन डबे वरखाली गोल झालेले, अंगठ्याला उलटे ढकलणारे. वच्छलाला बरं वाटलं. पाहुण्यांच्या पानात भरलेलंच जावं. ती दोन्ही टम्म डबे घेऊन बाहेर आली.

पहिल्या डब्यात डबा फोडायच्या सुरीचं टोक घुसलं तेव्हा फुस्स झालं आणि आतलं पाणी उडून तिच्या पदरावर पडलं. दुसऱ्यालाही तसंच झालं. मासळी इतकी ठासून भरलेली, की डब्यात मावत नव्हती, असं तिला वाटलं. तिनं चमच्यानं मासळी काढली, दाण्यांत घातली, कांदा, लिंबू, मिरपूड, तेल. मीठ हाताच्या अंदाजानं. मोठ्या काचेच्या भांड्यात घालून वर कोथिंबिरीची काडी खोचली.

बटलर दारात आला. "साब पूछते, बाई, चखा क्या?"

"व्हय," वच्छला म्हणाली.

तो भांडं घेऊन गेला. आधी सूप, मग हे. वच्छलानं हात धुतले आणि मागच्या दाराच्या सावलीत टेकली.

मानसिंग रिकामे डबे न्यायला आला. फाटकापाशी तो डब्यांत झेंडूची रोपं लावायचा. त्यानं एक डबा उचलला आणि सवयीनं पालथा केला. मग तो तसाच उभा राहिला. डब्याचं बूड त्यानं बोटानं चाचपलं. ते बाहेर आलेलं होतं, तोंड फोडल्यावरही पुरतं बसलं नव्हतं.

"अक्का, ह्यो डबा फोडायच्या आदी फुगल्याला व्हता का?"

"व्हय. चांगला टम्म व्हता. दोन्नी तसलंच निवडून घेतलं."

मानसिंगच्या तोंडावरचा रंग गेला, हे तिनं पाहिलं. या दोन वर्षांत तिनं त्याला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"फोडल्यावर आवाज झाला?"

"झाला की. पानी उडालं."

"कुटं हाय ती मासळी?"

"टेबलावर गेली. का वं भाऊ?"

मानसिंग तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्या लढाईतलं पहिल्यांदाच बोलला. "बसऱ्याला आमच्या तंबूतल्या तिगांनी असलाच डबा खाल्ला. खाताना चव झ्याक लागली. वासबी नव्हता. रात गेली, कायबी न्हाय. दुसऱ्या दिशी सांच्याला त्येंच्या डोळ्याम्होरं एकाचं दोन दिसाया लागलं. मग पानी गिळंना. मग दमच आटला. तिगंबी गेलं, अक्का. त्यापास्नं हुकूमच व्हता, फुगल्याला डबा फोडायचा न्हाय, खड्ड्यात पुरायचा."

टम्म म्हणजे चांगलं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं, आणि त्याच हातानं तिनं सहांतले नेमके दोन निवडले होते. ती उठली आणि धावली.

दोन वर्षांत तिनं जेवणाच्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. पडद्यापाशी बटलरनं हात आडवा घातला. "पगली हुई क्या? अंदर मेहमान हैं." तिनं त्याचा हात बाजूला सारला. आत पंखा हलत होता. तिघांच्या ताटात सलाड वाढलेलं होतं. डावीकडच्या पाहुण्याचा काटा भरलेला होता, हातात उचललेला, आणि तो काही तरी सांगत असल्यामुळं तसाच हवेत थांबलेला.

"सायब, त्ये खाऊ नका."

तिघांनी वर पाहिलं. साहेब बारा वर्षं गिरणीत, त्यांना मराठी चांगली यायची. "काय झालं?"

"डबा फुगल्याला व्हता. फुगल्या डब्यातलं खाल्लं की मानूस मरतंय."

साहेबांनी पाहुण्यांना इंग्रजीत काही सांगितलं. एक पाहुणा हसला. साहेबांनी आपलं ताट उचलून नाकाशी नेलं. लिंबाचा, शिरक्याचा, मिरपुडीचा वास. "वास ठीक आहे," ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. बढती देणाऱ्यांसमोर स्वयंपाकीण टेबलापाशी येऊन उभी, हे त्यांना सहन होत नव्हतं. मग त्यांनी तेच विचारलं, जे या घरात रोज विचारलं जायचं.

"तू हे चाखलंस?"

वच्छलाला उत्तर पाठ होतं. जीभ त्या शब्दापर्यंत गेलीही. पण व्हय म्हटलं, तर साहेब म्हणणार, तू चाखून ठणठणीत उभी आहेस, मग यात काय आहे. आणि तो काटा तोंडात जाणार. न्हाय म्हटलं, तर दोन वर्षांचं खोटं टेबलावर येणार, मागची खोली जाणार, शकुंतलेची शाळा जाणार, आणि परत ती गाडी, ते खेडं, तो दीर. तिला शकुंतलेची पाटी दिसली, सकाळीच कोळशानं घासून दारात वाळत ठेवलेली. डावीकडच्या पाहुण्यानं काटा जरा वर नेला.

"न्हाय," ती म्हणाली.

"आत्ता बटलरला हो म्हणालीस."

"खोटं सांगितलं. आजच न्हाय, सायब. दोन वर्सांत कंदीच चाखलं न्हाय. मेमसायबांला रोज खोटं सांगितलं. आमच्यात देवाचं आन्न चाखत न्हाईत, माजं हात त्येच शिकल्यात."

पाहुण्याचा काटा ताटात टेकला. साहेब म्हणाले, "ठीक. मग आत्ता चाख. इथं."

मासळी आयुष्यात पहिल्यांदा खावी लागेल याची तिला त्या घडीला फिकीर नव्हती. एक घास खाऊन हे संपणार असतं तर तिनं डोळे मिटून गिळला असता. पण मानसिंगचे तिघं दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी आजारी पडले होते. आत्ता घास घेतला तर ती धडधाकट उभी राहणार, आणि तिला उभी पाहून हे तिघं जेवणार.

"चाखनार न्हाय," ती म्हणाली.

"मासळी म्हणून? तुझ्या जातीत चालत नाही म्हणून?"

समजावून सांगायला तिच्याकडं शब्द नव्हते आणि वेळही नव्हता. तिनं पुढं होऊन काचेचं भांडं उचललं. मग पाहुण्यांच्या पुढ्यातलं एक ताट, दुसरं ताट, सगळं उघड्या हातांनी. साहेबांनी आपलं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. एक क्षण दोघांचेही हात त्याच ताटाला होते. मग साहेबांनी सोडलं.

पाहुण्यांनी पाव, लोणी आणि टोमॅटो खाल्ले आणि ते दोनच्या गाडीनं गेले. मानसिंगनं बंगल्यामागं हातभर खड्डा खणून सलाड, डबे, सगळं पुरलं आणि वर चुना टाकला. तीन वाजता साहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. या दारात ते कधी येत नसत.

"संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर."

"व्हय, सायब."

"डब्यासाठी नाही. डब्यात काही नव्हतं. त्या खोट्यासाठी."

त्यांचं चुकलं असं वच्छलाला तेव्हाही वाटलं नाही आणि पुढंही कधी वाटलं नाही. राग आला तो एवढ्याचाच, की डब्यात काही होतं की नव्हतं हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. कुणी मेलं नाही, म्हणून कुणी मरणार होतं हेही कुणाला पटणार नव्हतं. तिला स्वतःलाही रात्री अपरात्री शंका यायची. एका पहारेकऱ्याच्या बोलण्यावर आपण पोरीचं छप्पर घालवलं का, असं वाटून ती उठून बसायची. हे तिनं मानसिंगलाही कधी बोलून दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी ती शकुंतलेला आणि गाठोड्याला घेऊन शाळेच्या बोर्डिंगात गेली. तिथला कारभार पाहणाऱ्या प्रभाताईंनी विचारलं, "किती जणींचा स्वयंपाक जमेल?"

"जत्रंत दोनशे पानं व्हायची," वच्छला म्हणाली. "पन आदी एक सांगते. मी मागल्या जागी खोटं बोलले, म्हनून काढलं." आणि तिनं सगळं सांगितलं, घासाघासाचं.

शकुंतला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि आई काय सांगते आहे हे तिला तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं. प्रभाताई म्हणाल्या, "इथं चाखावं लागेल."

"चाखीन," वच्छला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पदर नाकावरून सोडला. डाळीच्या वाफेचा वास तिच्या नाकात गेला आणि तिला रडूच आलं. वीस बावीस वर्षं ती तीच डाळ रांधत होती आणि रांधताना तिचा वास तिला माहीत नव्हता. तिनं घास घेतला, गिळला आणि थांबली.

ऑक्टोबरात बोर्डिंगाच्या दाराशी टांगा थांबला. मेमसाहेब एकट्याच उतरल्या, पहिल्यापेक्षा वाळलेल्या, हातात छत्री. मुली खिडक्यांतून बघू लागल्या. मेमसाहेब सरळ स्वयंपाकघरात आल्या आणि मुलींच्या पाटावर बसल्या. त्यांना पाटावर बसायची सवय नव्हती, गुडघे कुठं ठेवायचे ते कळेना. त्यांनी सांगितलं, की नव्या स्वयंपाक्याला ते सलाड जमत नाही, घेवडा एक तर कच्चा राहतो नाही तर लगदा होतो.

"हितं मासळी न्हाय," वच्छला म्हणाली.

"बिना मछली."

दाणे सकाळचे उकडलेले होतेच, मुलींच्या उसळीसाठी. वच्छलानं कांदा चिरला, लिंबू पिळलं, मिरपूड घातली. आलिव्हचं तेल नव्हतं, करडईचं घातलं. ती कालवत असताना मेमसाहेब जमिनीकडे बघत आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाल्या, "साहेब आता प्रत्येक डबा हातात घेऊन अंगठ्यानं दाबून बघतो. जॅमचा, दुधाचा, सगळे. त्याला वाटतं, मी बघत नाही."

वच्छलाचा चमचा थांबला. मग ती पुन्हा कालवू लागली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं कांद्यावर ढकललं नाही, पदरानं पुसलं.

तिनं ताटलीत एक घास काढला. वास घेतला, चावला, गिळला. मेमसाहेब आपली रिकामी ताटली मांडीवर घेऊन बघत होत्या. वच्छला सवयीनं त्या रोजच्या "चखा, बाई?"ची वाट बघत राहिली.

मेमसाहेबांनी काही विचारलं नाही. ताटली पुढं केली आणि जेवल्या.